दिकेलनं घुसळलेलं पाणी

आम्हा फुला गुराख्यांच्या या फेर्लोच्या माळावर माणसाला काहीही विचारा, उत्तर एकच. कसे आहात? जाम तान. घरचे? जाम तान. गुरं? जाम तान. म्हणजे सगळं क्षेम, दुसरं काही नाही. सकाळीच गाय मेलेली असो, नाहीतर पायात काटा मोडून तळवा टम्म सुजलेला असो, आधी जाम तान, मग पुन्हा जाम तान, आणि चहाचा तिसरा पेला झाल्यावर उठता उठता, जमलंच तर, "हां, ती एक गाय गेली जरा." जरा गेली म्हणे! गाय काय जरा जाते?

यात दिकेल जालो सगळ्यांच्या वरताण. थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा सासूनं विचारलं, काय होतंय गं? ही म्हणाली, जाम तान, आणि बोअरवर पाण्याला गेली. परत आली ती पोरगं ओढणीत गुंडाळूनच. हा किस्सा वस्तीत अजून कौतुकानं सांगतात. कौतुक कसलं डोंबलाचं! वाटेत काही झालं असतं तर? पण हे दिकेलला सांगायची कुणाची टाप नव्हती. उंच, काटक बाई, खालचा ओठ निळा गोंदलेला, डोक्यावर दुधानं भरलेला भोपळ्याचा तुंबा घेऊन चालली की तुंबा जागचा हलायचा नाही आणि मान तर नाहीच नाही.

तिचा नवरा पाते. गुरं त्याची. पण दूध दिकेलचं. आमच्याकडचा हा कायदा कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही. पाते बायकोला न विचारता बैल विकू शकतो, पण दारी पाहुणा आला तर वाडगाभर दुधासाठी त्याला दिकेलकडेच बघावं लागतं. थोरला मुलगा बापाबरोबर गुरांमागे. धाकटा वुरी शाळेत. वुरी म्हणजे जगला. त्याच्या आधीची पोरगी, फातेल, चालायला लागली न लागली तोच गेली, म्हणून याचं नाव असं ठेवलं. फातेल कशानं गेली असं कुणी विचारलं तर दिकेल म्हणायची, ताप आला होता.

कोरड्या दिवसांत माळावर गवताची काडी राहत नाही. मग पुरुष आणि काठी धरण्याइतकी झालेली पोरं गुरं घेऊन दक्षिणेला जातात ती पावसालाच परततात. मागे राहतात बायका, म्हातारी आणि लेकरं, आणि त्यांच्यासाठी ठेवलेली एखाददोन दुभती जनावरं. पावसात उलटी तऱ्हा. दूध इतकं की ठेवायला भांडं नाही, दाहराच्या बाजारापर्यंत नेईतो आंबून जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि विचारलं की जाम तान.

मग हामात आला. हामात हा दिकेलच्या भावाचा मुलगा. शहरात शिकला आणि तिथल्या एका डेअरीत लागला. ही डेअरी अशी, की धंदा करायचा पण गुराख्यांचं भलं होईल असा करायचा, या बोलीवर बाहेरच्या लोकांनी तिच्यात पैसा घातलेला. हामातनं बोअरपाशी दूध गोळा करायचं केंद्र म्हणून एक खोली बांधून घेतली, कॅन आणले, सकाळी गाडी यायला लागली. बायका दूध घालायच्या. पण खरी गोम होती ती कोरड्या दिवसांत. तेव्हा केंद्र दुधाच्या बदल्यात पेंड आणि भुईमुगाचा पाला द्यायचं. त्यावर काही गाई घरीच राहायच्या, आटायच्या नाहीत, आणि वुरीएवढ्या पोरांना गुरांमागे दक्षिणेला न्यायची गरज पडायची नाही. वुरी शाळेत बसला तो या पेंडीच्या जिवावर. पातेनं आधी नाक मुरडलं होतं. वुरीला घेऊन जायचं त्यानं ठरवलंच होतं. दिकेल एवढंच म्हणाली, "माझ्या दुधावर पेंड येते, माझा मुलगा घरी राहतो." पाते काय बोलणार? दूध तिचं.

पण ज्यांनी पैसा घातला त्यांना नफा हवा तसं पुण्यही हवं, आणि पुण्याचा पुरावाही हवा. म्हणून केंद्र उघडलं त्या वर्षी सर्व्हे करायला एक मुलगी आली. यांदे फाय. सेरेर शेतकऱ्यांची पोर, पण आमची भाषा आमच्यापेक्षा फटाफट बोलणारी. फुला आणि सेरेर यांचं नातं थट्टेचं. आम्ही त्यांना आमचे गुलाम म्हणायचं, त्यांनी आम्हाला. एकमेकांना वाट्टेल ते बोलायची मुभा, रागवायची बंदी.

"आली का माझी बटीक!" दिकेलनं तिचं स्वागत केलं. "बस. शेंगा खाऊन आलीस की उपाशी?"

"बटीक तू! मालकिणीला आधी पाणी दे," यांदे म्हणाली आणि टॅब काढून चटईवर बसली. "पातेबाबा, गुरं किती?"

पातेनं आभाळाकडे बघितलं. "आहेत थोडी."

"थोडी म्हणजे?"

"देवानं दिलीत तेवढी."

"दहा?"

"दहा म्हण."

त्याच्या पाठीमागून त्याचाच कळप पाण्यावर चालला होता. संपायचं नाव नव्हतं. पण आकडा तोंडातून काढला की मरण तो ऐकतं, हे आमच्याकडे दूधपिती पोरंही जाणतात. यांदेनं कळपाकडे बघितलं, पातेकडे बघितलं आणि दहा लिहिलं. तिला तेच सांगितलं होतं, माणूस सांगेल ते लिहायचं. मग ती दिकेलकडे वळली.

"गेल्या कोरड्या दिवसांत कधी जेवण चुकवावं लागलं?"

"जाम तान."

"घरात धान्य नव्हतं असं कधी झालं?"

"आम्ही फुला आहोत गं, पोरी."

"म्हणजे नाही लिहू?"

"तुला लिहायला येतं ना? लिही की मग."

वस्तीतल्या सगळ्या घरांनी हेच सांगितलं. केंद्र चालू लागलं, तीन कोरडे मोसम त्याच्या पेंडीवर पार पडले, वासरं वाचली, आणि यंदा यांदे तेच प्रश्न घेऊन पुन्हा आली. आता पातेचा कळप वाढला होता, त्यामुळे नजर लागायची भीतीही वाढली होती.

"दहा?" यांदेनं विचारलं.

"सात म्हण," पाते म्हणाला.

आणि दिकेल? जाम तान.

पाऊस सुरू होऊन गवत गुडघ्याला लागलं होतं तेव्हा हामात एका दुपारी वस्तीवर आला. चेहरा उतरलेला. मोठ्या बाभळीखाली सगळे जमले, चहा चढला, आणि तो म्हणाला, "सर्व्हेच्या कागदावर काय आलंय ते ऐका. केंद्राच्या आधी आपण पोटभर जेवत होतो. आताही पोटभर जेवतो. फक्त गुरं कमी झालीत. म्हणजे केंद्रानं आपलं भलं तर काही केलं नाहीच, वर आपली गुरं खाल्ली!"

पुरुष खो खो हसले. पातेनं तर मांडीवर थाप मारली.

"हसा, हसा," हामात म्हणाला. "पुढचा पैसा यायचा होता, दूध गार ठेवायची टाकी आणि दुप्पट पेंड. ज्या फंडातून यायचा होता त्या फंडाच्या बाई म्हणतात, इथे फरकच पडत नसेल तर हा पैसा दुसरीकडे घालू, जिथे गरज आहे. चूक काय त्यांची? आणि टाकी नसेल तर एवढ्या लांब गाडी पाठवणं डेअरीला परवडत नाही. पाऊस संपला की केंद्र बंद."

आता कुणी हसलं नाही. दिकेल बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्या डोळ्यांपुढे वुरी उभा राहिला, काठी खांद्यावर घेऊन बापामागे दक्षिणेला निघालेला. चेहऱ्यावर मात्र काही नाही.

दुसऱ्या दिवशी हामात तिच्या झोपडीत आला. "आत्या, त्या बाईंकडे गयावया केली मी. यांदेला एकदाच परत पाठवायला तयार झाल्यात. पण बायका तुझ्या तोंडाकडे बघून बोलतात. तू बोललीस तर बाकीच्या बोलतील."

"काय बोलू?"

"खरं. आधी कसं होतं ते."

"म्हणजे परक्यांच्या पुढे पोट उघडं करून दाखवू? भीक मागू?"

"भीक कुठे आली यात, आत्या?"

"तुझ्या आजोबांनी भुकेल्या पोटी दुसऱ्याच्या चुलीकडे बघितलं नाही कधी. रस्ता बदलून जायचे. आणि तू मला सांगतोस, सगळं बोलून दाखव म्हणून!"

"वुरीचं काय करशील?"

"माझा मुलगा आहे. मी बघीन."

हामात कपाळाला हात लावून निघून गेला. दिकेल रागानं वासराचं दावं उगाच सोडत बांधत बसली. राग हामातचा नव्हताच. तो जे मागत होता ते तिच्याकडे होतं, भरपूर होतं, म्हणून राग.

फातेल गेली ते साल. त्या साली पाऊस पडलाच नव्हता म्हणायचं. पाते नेहमीपेक्षा लवकर दक्षिणेला गेला. मागे ठेवलेल्या दोन्ही गाई आटल्या. धान्याची कणगी तळापर्यंत झाडून झाली. आता आमच्याकडे सकाळी प्रत्येक झोपडीतून घुसळण्याचा आवाज येतो. बाई आंबलेल्या दुधाचा तुंबा मांडीवर घेऊन हलवत बसते, आणि तो आवाज शेजारी ऐकतात. आवाज आला म्हणजे घर चालू आहे. नाही आला तर लोक काही बोलत नाहीत, पण ऐकत असतात. म्हणून दिकेलनं तुंब्यात पाणी भरलं आणि ते घुसळायला बसली. रोज. पोरगी अंगाला बिलगून रडायची आणि ही घुसळायची.

आणि शेजारच्या झोपडीतून, आल्तिनेकडून, रोज सकाळी तसाच आवाज यायचा. आल्तिने म्हणजे पातेच्या चुलतभावाची बायको. मध्ये काट्यांचं एक कुंपण, बस्स. रोज घुसळत होती, आणि एकदा, एकदासुद्धा वाडगाभर ताक तिनं कुंपणावरून दिलं नाही. फातेल गेली तेव्हा मातीला आली, तोंडानं जे म्हणायचं ते म्हणाली, आणि घरी गेली. त्यानंतर दिकेलनं आल्तिनेच्या घरचं दूध ओठाला लावलं नाही. लोक म्हणायचे, कुठल्यातरी कालवडीवरून बिनसलंय. म्हणू देत. दोघी रोज भेटायच्या, आमचा तो लांबलचक नमस्कार-चमत्कार करायच्या, जाम तान, जाम तान, आणि आपापल्या वाटेला लागायच्या. दिकेलनं तिचा मनापासून द्वेष केला. द्वेष करता करता वुरी मोठा झाला.

यांदे परत आली तो केंद्रावर दूध घालायचा दिवस होता. सकाळची गाडी भरून गेली होती, बायका रिकामे तुंबे पालथे घालून सावलीत बसल्या होत्या. पुरुष बोअरवर गुरांना पाणी पाजत होते. हामात खोलीच्या दारात उभा होता, नखं खात.

"काय गं बटक्यांनो," यांदे बसता बसता म्हणाली, "परत यायला लावलंत मला. माझी म्हातारी विचारत होती, त्या फुला लोकांना दहापुढे मोजता येत नाही का?"

"येतं. तुम्ही सेरेर कोंबड्या मोजता, आम्हाला तेवढा वेळ नसतो," मागून कुणीतरी बोललं. बायका हसल्या.

"बरं, गुरं सोडा. गुरं मी विचारतच नाही आता. पोटाचं विचारते. केंद्र यायच्या आधी, कोरड्या दिवसांत, घरात खायला नाही असं कुणाकडे झालं होतं?"

सगळ्यांनी दिकेलकडे बघितलं. दिकेल तुंब्याच्या दोरीची गाठ सोडवत होती.

"दिकेल?"

"जाम तान."

"आल्तिने?"

"जाम तान."

यांदेनं टॅब मांडीवर ठेवला. ती दमली होती. रस्ताभर धूळ खाऊन आलेली, तिलाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "तुम्ही फुला लोक म्हणजे ना!" ती म्हणाली. "पोटात कावळे ओरडत असले तरी दातात काडी घालून मिरवणार, म्हणजे लोकांना वाटावं आत्ताच मटण खाऊन आले! मेल्यावरसुद्धा कबरीतून ओरडाल, जाम तान!"

थट्टाच होती. बायका ओढणीत तोंड लपवून फिसफिसल्या. अशी थट्टा सेरेरनं करायची आणि फुलानं दुप्पट परत करायची, हीच रीत. सगळ्या वाट बघत होत्या, की आता दिकेल काय हाणते.

"काडी नाही," दिकेल म्हणाली.

"काय?"

"काडी नाही घातली मी. पाणी घुसळलं."

हसणं थांबलं नाही लगेच. एकदोघींना वाटलं, हाही टोमणाच. दिकेलनं दोरी सोडून दिली आणि ती यांदेकडे बघून बोलू लागली. बाकीच्यांकडे तिनं बघितलं नाही. सेरेर मुलीपुढे काहीही बोलता येतं. राग धरायचा नाही, शरम धरायची नाही. तेवढीच एक फट होती आणि ती त्यातून शिरली.

"पाऊस झाला नाही त्या साली. दोन्ही गाई आटल्या. घरातली बाजरी संपली. मी तुंब्यात पाणी भरून घुसळायची, म्हणजे लोकांना वाटावं दूध आहे. पण पाण्याचा आवाज पातळ येतो, लगेच कळतं. म्हणून त्यात मूठभर राख टाकायची. मग बरोबर येतो आवाज. घरधनी दक्षिणेतून फोन करायचे, मी म्हणायची जाम तान. फातेल मांडीवर असायची. ती तुंब्याला हात लावायची, तोंड उघडायची. तिला कळत नव्हतं ना, की आत काय आहे. ताप नव्हता आला तिला. ताप मी सांगितला. माझी पोरगी भुकेनं गेली."

हामात दारातून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"राख?" आल्तिने म्हणाली.

ती बायकांच्या कडेला बसली होती. आता उठून उभी राहिली होती, आणि आपण उभ्या आहोत हे तिला ठाऊक दिसत नव्हतं.

"राख टाकायचीस? मी कोंडा टाकायचे."

दिकेलनं मान वळवली. "तूही पाणी?"

"मग काय! माझी गाय तर तुझ्याही आधी आटली. तुझ्याकडून रोज आवाज यायचा. मी म्हणायचे, बघा, हिच्याकडे दूध आहे आणि माझ्या पोरांना थेंब देत नाही. चुलत जाऊ ना माझी! तुझा आवाज आला की मीही तुंबा उचलायचे. तुझ्याआधी थांबायचं नाही, असं ठरवून हात दुखेस्तोवर हलवायचे."

मग दिकेलच्या ध्यानात आलं.

"कोंडा," ती म्हणाली. "कोंडा कुठून आणलास तू?"

आल्तिने अंगावरची ओढणी सारखी करू लागली.

"आल्तिने, बाजरी होती तुझ्याकडे?"

"अर्धं पोतं," आल्तिने अगदी हळू म्हणाली. "भावानं पाठवलं होतं. दुधावाचून नुसत्या पाण्यात शिजवून घालत होते पोरांना. दिकेल, तू एका शब्दानं..."

"तू एका शब्दानं!" दिकेल ताडकन उठून ओरडली. आयुष्यात ती कधी ओरडली नव्हती. बोअरवरचे पुरुष वळून बघू लागले. "अर्धं पोतं! कुंपणापलीकडे अर्धं पोतं!"

तिला आल्तिनेच्या झिंज्या धरून तिला मातीत लोळवावंसं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी तिला कळत होतं, की आल्तिनेकडे बाजरी आहे का हे तिनं विचारलंच नव्हतं, जसं आल्तिनेनं विचारलं नव्हतं. इतकी वर्षं जिचा द्वेष केला ती बाई कुंपणापलीकडे हिच्यासारखीच पाणी घुसळत बसली होती. द्वेष करायला आता कुणी उरलंच नव्हतं, एक आपण सोडून. ती खाली बसली. आल्तिने येऊन तिच्याशेजारी बसली. जवळ, पण अंगाला अंग न लावता. कुणी कुणाला समजावलं नाही. असल्या गोष्टीला काय समजावणार?

मग एक म्हातारी म्हणाली, "आमच्याकडे केंद्र येईपर्यंत कोरड्या दिवसांत मोठी माणसं एक दिवसाआड जेवायची. आता नाही. लिही पोरी." तिच्यानंतर दुसरी बोलली. मग तिसरी. यांदेनं टॅब उचलला आणि लिहायला लागली, मध्येच डोळे पुसायची, पुन्हा लिहायची. सावली सरकून खोलीच्या पलीकडे गेली तरी बायका बोलत होत्या.

पैसे आले. मागितले होते तेवढे नाही, पण आले. त्या फंडाच्या बाईंनी केंद्राचा कागद नव्यानं वाचला म्हणे, आणि हामातला फोन करून विचारलं, की हे आधी का नाही सांगितलं? हामात काय सांगणार! त्या कागदात दिकेलचं नाव नव्हतं, नुसतं "एक महिला" होतं. बरंच झालं. टाकी आली, गाडी चालू राहिली, वुरीची शाळा चालू राहिली. पेंड मात्र दुप्पट झाली नाही, थोडी वाढली. म्हणून पाऊस सरल्यावर पातेनं दुभत्या गाई घरी ठेवल्या आणि बाकीचा कळप घेऊन तो थोरल्याबरोबर दक्षिणेला निघाला. निघेपर्यंत त्यानं दिकेलला त्या दिवसाबद्दल चकार शब्द विचारला नाही. दिकेलही बोलली नाही. तिला वाटलं, पुरुषांनी ओरडणं ऐकलं असेल, पण गोष्ट बायकांतली, त्यांच्या कानावर गेली नसेल.

बायका मात्र जराशा बदलल्या. आल्तिने आता सकाळी कुंपणापाशी येते आणि जाम तान झाल्यावर विचारते, "शिजवायला आहे ना?" दिकेल कधी म्हणते, आहे. कधी म्हणते, थोडं मीठ दे. मीठ तिच्याकडे असतं. तरी मागते. दोघी मैत्रिणी झाल्या असं म्हणवत नाही. अर्धं पोतं दोघींनाही विसरता येत नाही.

पातेचा फोन एका सकाळी आला. रेंज फक्त बोअरच्या टाकीपाशी येते, तिथे पाण्याला आलेल्या बायका बादल्या रांगेत लावून उभ्या होत्या. दिकेल टाकीच्या खांबाला टेकून फोन कानाला लावून उभी राहिली.

"कशी आहेस?" पातेनं विचारलं.

ते दोन शब्द तिच्या ओठांवर आलेच होते. ती थांबली.

"आज बरं नाही वाटत," ती म्हणाली. "फातेलची फार आठवण येते."

तिला वाटलं, फोन कटला.

"हॅलो? आहात का?"

"आहे. हामातनं सांगितलं मला. पावसातच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" लांब कुठेतरी त्याच्या गाई हंबरत होत्या. "दिकेल, त्या साली इकडे चारा होता. लांब आत गेलो होतो, पण होता. गाई दूध देत होत्या. आसपास गाव नाही, घेणारं कुणी नाही. वासरं पिऊन, आम्ही पिऊन उरलेलं मी रोज मातीत ओतायचो. चालत रेंजपर्यंत येऊन तुला फोन करायचो, तू म्हणायचीस जाम तान, आणि मी परत येऊन दूध ओतायचो. एक शब्द बोलली असतीस तर दोन गाई घेऊन तसाच मागे फिरलो असतो गं."

आणि पाते रडायला लागला. आई गेली तेव्हा जो रडला नव्हता, स्वतःच्या मुलीच्या कबरीवर जो रडला नव्हता, तो पाते फोनवर हमसून हमसून रडायला लागला. दिकेलनं त्याला उगी म्हटलं नाही, देवाची मर्जी म्हटलं नाही. ती फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी राहिली, आणि मग तीही रडली, भर सकाळी, टाकीपाशी, पाण्याला आलेल्या सगळ्या बायकांदेखत.